गाण्याची आणेवारी

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'मोबदला' हा विषय मुक्रर केला आणि त्यातला संगीताचा प्रांत माझ्याकडे सोपवला, तेव्हा मनासमोर प्रथम उभी राहिली ती जुन्या मैफलींतली बिदागी. भैरवी संपली, यजमानांनी पाकीट पुढे केले, बुवांनी ते न उघडता कपाळाला लावून खिशात ठेवले, की व्यवहार पुरा होई. रक्कम कमी असो वा जास्त, ती कोणी दिली, कोणाला दिली आणि कोणत्या गाण्याबद्दल दिली, याविषयी कोणाच्या मनात किंतु राहत नसे. आज मोबाईलवर गाणे लावणारा श्रोता आणि ते गाणारा कलावंत यांच्या दरम्यान स्ट्रीमिंगची कंपनी, वितरक, ध्वनिमुद्रण कंपनी, हक्कसंस्था आणि या सर्वांचे हिशेब मांडणारी यंत्रे अशी एवढी मोठी कचेरी बसलेली आहे, की श्रोत्याने भरलेला रुपया तिच्यातून फिरत फिरत अखेर कोणाच्या हातावर पडतो, हे खुद्द गाणाऱ्यालाही सांगता येत नाही. ते पाहावे म्हणून पुण्यामुंबईतल्या काही घरांचे आणि स्टुडिओंचे उंबरे मी झिजवले.

दशांशचिन्हापुढची शून्ये

पुण्यात नव्या पेठेतल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक तरुण संगीतकार राहतो. शाळेत संगीत शिकवणे ही त्याची उपजीविका आणि संतांच्या अभंगांना व नव्या कवींच्या कवितांना चाली लावणे हे त्याचे व्यसन. त्याची गाणी कोणत्याही मोठ्या कंपनीने काढलेली नाहीत. वर्षाची ठराविक फी घेऊन सगळ्या अ‍ॅपांवर गाणी पोहोचवणाऱ्या एका वितरकामार्फत ती त्याने स्वतःच चढवलेली आहेत. मी विषय काढताच त्याने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला आणि वितरकाकडून आलेला तिमाहीचा तक्ता उघडून दिला.

तक्त्याला सहा-सात रकाने होते: महिना, सेवेचे नाव, देश, गाणे, किती वेळा ऐकले गेले, आणि शेवटी रक्कम. या शेवटच्या रकान्यात दशांशचिन्हापुढे शून्यांची रांग, त्या रांगेच्या टोकाला एखादा बिचारा आकडा, आणि तोही डॉलरात. "अजून खाली जा, काका, अजून खाली," असे तो म्हणत राहिला आणि मी खाली जात राहिलो. ओळी संपेनात, आणि बेरीज मात्र काही केल्या वाढेना. "या सगळ्याची मिळून जी रक्कम झाली," तो हसत म्हणाला, "ती आमच्या तबलजींच्या येतानाच्या रिक्षाभाड्याला पुरली. जातानाचं मी खिशातून दिलं."

मला त्या तक्त्यातली दुसरीच एक गोष्ट विलक्षण वाटली. भारताच्या नावाच्या ओळीत ऐकणाऱ्यांची संख्या चांगली भरीव होती आणि रक्कम नगण्य होती. तिच्याच खाली अमेरिकेच्या नावाची ओळ होती, तिच्यात ऐकणे अगदी मोजके होते, आणि तरीही रक्कम जवळजवळ तेवढीच होती. एकच अभंग, एकच आवाज, तीच चाल. मग हा भेद कशाचा? "न्यू जर्सीत माझी मावशी राहते," तो म्हणाला. "अख्ख्या पेठेपेक्षा ती एकटी मला जास्त पोसते, असा याचा अर्थ." अर्थ त्याने विनोदाने सांगितला, पण तो खोटा नव्हता.

भाव नव्हे, वाटा

या विषयात शिरणारा प्रत्येक माणूस पहिला प्रश्न एकच विचारतो: गाणे एकदा ऐकले की किती पैसे मिळतात? वर्तमानपत्रांतून याची उत्तरेही छापून येतात, आणि ती सारीच दिशाभूल करणारी असतात, कारण असा कोणताही भाव कोणी ठरवलेला नाही. स्वीडनमध्ये २००६ साली स्थापन झालेली आणि २०१९ च्या फेब्रुवारीत भारतात आलेली स्पॉटिफाय असो किंवा तिच्यासारख्या इतर सेवा असोत, त्यांची सर्वसाधारण रीत अशी: एका देशातल्या एका प्रकारच्या ग्राहकांकडून महिन्यात जेवढा महसूल गोळा झाला, त्यातला सुमारे एकतृतीयांश कंपनीने आपल्याकडे ठेवायचा आणि उरलेला सुमारे दोनतृतीयांश सामाईक कोषात टाकायचा, मग त्या महिन्यात त्या देशात जेवढी म्हणून गाणी ऐकली गेली, त्यांच्या एकूण संख्येत ज्याचे जितके ऐकणे, तितका त्याचा हिस्सा. सामाईक खात्याच्या सातबाऱ्यावर प्रत्येक खातेदाराच्या नावापुढे जशी आणेवारी लावलेली असते, तशी ही गाण्याची आणेवारी आहे. फरक एवढाच, की इथे खातेदार जगभरातले आहेत आणि आणेवारी दर महिन्याला बदलते. वर्गणी भरणाऱ्यांचा कोष निराळा, फुकट ऐकून जाहिराती सोसणाऱ्यांचा निराळा, भारताचा निराळा आणि अमेरिकेचा निराळा. आपल्याकडे फुकट ऐकणारे अफाट आणि वर्गणी स्वस्त, म्हणून भारताचा कोष उथळ आणि त्यात हात बुडवणारे मात्र असंख्य. मावशीचे कोडे इथे सुटते.

पण या रीतीत त्याहून खोल एक गोम आहे. दोनच ग्राहकांचे राज्य कल्पू. दोघेही महिन्याला १२० रुपये भरतात. एक आजोबा आहेत. ते सकाळी पूजेच्या वेळी एकाच गायकाचे अभंग लावतात आणि महिन्यात त्यांचे ऐकणे २० वेळा होते. दुसरा कॉलेजातला मुलगा आहे. त्याच्या कानातून यंत्र निघतच नाही आणि चित्रपटगीते तो ७८० वेळा ऐकतो. जमा झालेल्या २४० रुपयांतले ८० कंपनीने ठेवले, १६० कोषात आले, एकूण ऐकणे ८००, म्हणजे दर ऐकण्याला २० पैसे. अभंग गाणाऱ्याच्या वाट्याला आले ४ रुपये आणि चित्रपटगीतांच्या मालकांना १५६. आजोबांनी आयुष्यात एकदाही न ऐकलेल्या गाण्यांकडे त्यांच्या वर्गणीतले ७६ रुपये गेले, आणि याची वार्ता त्यांना नाही, गायकाला नाही आणि त्या मुलालाही नाही. प्रत्येकाचे पैसे त्याने ऐकलेल्यांनाच द्यायचे असे ठरले असते, तर दोन्हीकडे ८०-८० रुपये गेले असते.

ही दुसरी रीत केवळ कल्पनेतली नाही. साउंडक्लाउड या सेवेने २०२१ च्या एप्रिलपासून स्वतंत्र कलावंतांपुरती ती चालू केली, आणि त्याच वर्षीच्या आरंभी फ्रान्सच्या राष्ट्रीय संगीत केंद्राने तिचा तपास करून अहवालही काढला. अभिजात संगीताचा वाटा या रीतीने सुमारे चतुर्थांशाने वाढतो आणि रॅप-हिपहॉपचा घटतो, हे त्या अहवालात निघाले. पण अगदी तळातल्या कलावंताच्या हाती वर्षाकाठी पडणारी वाढ काही युरोंपलीकडे जात नाही, हेही निघाले. या दुसऱ्या निष्कर्षाचा आधार घेऊन मोठ्या कंपन्या म्हणतात, की एवढ्यासाठी सारी हिशेबव्यवस्था कशाला उलथायची. मला हा युक्तिवाद पटत नाही. आजोबांचे ७६ रुपये आजोबांच्या गायकाला मिळावेत की न मिळावेत, हा प्रश्न रकमेच्या आकाराचा नसून हक्काचा आहे.

तीस सेकंदांचा मापदंड

'ऐकणे' म्हणजे तरी काय? स्पॉटिफायच्या नियमाप्रमाणे तीस सेकंद गाणे वाजले की एक ऐकणे धरले जाते, आणि पुढे ते तीन मिनिटे वाजो की पाऊण तास, जमा एकच होते. हा नियम अमेरिकेतल्या व्हल्फपेक नावाच्या वाद्यवृंदाने २०१४ मध्ये मोठ्या खुबीने वापरला. त्यांनी अर्ध्या मिनिटाच्या किंचित वरच्या दहा 'गाण्यांचा' एक संग्रह प्रसिद्ध केला, ज्यात संपूर्ण शांतता होती, आणि चाहत्यांना रात्री झोपताना तो चालू ठेवण्याची विनंती केली. कंपनीने संग्रह उतरवेपर्यंत त्यांच्या खाती सुमारे २०,००० डॉलर जमा झाले होते आणि त्यातून त्यांनी मोफत प्रवेशाचा दौरा काढला. ही झाली थट्टा. २०२४ च्या सप्टेंबरात अमेरिकी सरकारने नॉर्थ कॅरोलिनातल्या एका इसमावर जे आरोपपत्र ठेवले, त्यात थट्टेचा अंश नव्हता: यंत्राकडून लक्षावधी गाणी बनवून घ्यायची, यंत्राकडूनच ती ऐकवायची आणि १ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम उचलायची, असा त्यात आरोप होता. कोष सामाईक असल्यामुळे असा पैसा कंपनीच्या खिशातून न जाता उरलेल्या सर्व प्रामाणिक वाटेकऱ्यांच्या हिश्शातून जातो.

या तीस सेकंदांनी गाण्याचे अंग बदलले आहे. प्रभादेवीच्या एका स्टुडिओत बसलो होतो, तेव्हा काचेपलीकडचा ध्वनिमुद्रक एका नव्या मराठी गीताचा वाद्यांचा आरंभ कापत होता. बासरीचा एक लांबट, सुंदर तुकडा त्याने पडद्यावर निवडला, एक कळ दाबली आणि तो नाहीसा झाला. "पब्लिक थांबत नाही हो," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "मुखडा दहा सेकंदांच्या आत आला पाहिजे." बासरी वाजवणारा तेव्हा तिथे नव्हता, हे बरेच झाले.

मग ख्यालगायकाने काय करावे? विलंबित एकतालातली बढत चाळीस मिनिटे ऐकणाऱ्या रसिकाने त्या चाळीस मिनिटांत चित्रपटगीते ऐकली असती, तर दहा-बारा ऐकणी जमा झाली असती; ख्यालाचे एकच होते. बर्लिनच्या इडाजिओ या अभिजात संगीताच्या सेवेने सेकंदांच्या हिशेबाने मोबदला देण्याची रीत स्वीकारली आहे आणि ती न्याय्य आहे. परंतु हिंदुस्थानी संगीतासाठी असे काही करण्याचे आपल्याकडच्या बड्या सेवांना अजून सुचलेले नाही. परिणामी काही मंडळी आलाप, विलंबित आणि द्रुत असे तुकडे पाडून राग चढवतात. आलापाच्या शेवटच्या षड्जावर श्रोता टेकतो न टेकतो तोच मध्ये मोटारीची जाहिरात येते.

२०२४ पासून स्पॉटिफायने आणखी एक उंबरठा घातला: मागच्या बारा महिन्यांत १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी नाही. कंपनीचे म्हणणे असे, की अशा गाण्यांना महिन्याला सरासरी ३ सेंट मिळत, ते वितरकांच्या किमान मर्यादेतच अडकून पडत, आणि खात्यात कधी पोहोचतच नसत. पावसाचा, पंख्याचा, समुद्राचा आवाज चढवून पैसे मिळवणाऱ्यांनाही त्याच वेळी लगाम घातला गेला, त्याविषयी तक्रार नाही. पण नव्या पेठेतल्या त्या मुलाच्या कवितांच्या चाली आणि एखाद्याने तीस सेकंदांत कापलेला पाऊस यांना एकाच सुपात पाखडणे मला बरोबर वाटत नाही. तीन सेंट क्षुद्र खरे. पण तेवढे तरी ते त्याचे होते, आता ते कोषात परत जाऊन हजारापलीकडच्यांत वाटले जातात.

पाळीचे पैसे

कोषातून निघालेली रक्कम कलावंताकडे जाते असे आपण सैलपणे म्हणतो. वस्तुतः ती हक्कमालकाकडे जाते. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात: शब्द आणि चाल मिळून होणारी रचना ही एक, आणि त्या रचनेचे ध्वनिमुद्रण ही दुसरी. ब्रिटिश पार्लमेंटच्या एका समितीने २०२१ मध्ये या अर्थव्यवहाराची चौकशी केली, तेव्हा शंभरातले सुमारे ३० सेवेकडे, ५५ ध्वनिमुद्रणाच्या मालकाकडे आणि १५ रचनेकडे अशी वाटणी तिला दिसली. ५५ तला गायकाचा हिस्सा किती, हे त्याच्या करारनाम्यावर अवलंबून. आणि करारनामा सही करण्याच्या दिवशी कोणाला अधिक गरज होती, त्यावर अवलंबून.

माहीमला एका जुन्या चाळीत मला एक व्हायोलिनवादक भेटले. मूळचे गोव्याचे, वय ऐंशीच्या पुढे. ताडदेवचे फिल्म सेंटर, वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ इथल्या अगणित ध्वनिमुद्रणांत ते बसलेले. हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यमेळ ज्यांनी उभा केला त्यांत गोमंतकीयांचा वाटा केवढा मोठा आहे, हे आता सर्वश्रुत आहे. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवले, आणि शिष्याने १९७७ मध्ये गुरूचे नाव एका चित्रपटातल्या नायकाच्या गाण्यात गुंफून ते देशाच्या ओठांवर नेले. पण बहुतेकांची नावे तबकडीच्या वेष्टनावरसुद्धा आली नाहीत. "आमचा काम काय," ते म्हातारे गृहस्थ म्हणाले, "नोटेशन वाचायचा, वाजवायचा, पाकीट घ्यायचा, लोकल पकडायचा." पाकिटात एका पाळीचे पैसे असत आणि तिथे हिशेब मिटे. नातवाने मोबाईलवर एक जुने गाणे लावले, तशी त्यांची डाव्या हाताची बोटे मांडीवर हलू लागली. "दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी आम्ही सोळा जण आहोत," ते म्हणाले. मोबाईलच्या पडद्यावर गायकाचे नाव होते, चित्रपटाचे होते, कंपनीचे होते.

हा वाद मोबाईलपेक्षा पुष्कळ जुना आहे. साठच्या दशकाच्या आरंभी लता मंगेशकरांनी गायकांनाही रॉयल्टी हवी अशी मागणी लावून धरली. निवडक संगीतकारांना मिळणाऱ्या पाच टक्क्यांतला अर्धा वाटा पार्श्वगायकाचा, असा त्यांचा पक्ष होता. ठरलेली बिदागी घेतली की आपला हक्क संपला, असे महंमद रफींचे मत पडले, आणि त्यातून काही वर्षे दोघे एकत्र गायले नाहीत. रफींच्या भूमिकेत एक सज्जन निःस्पृहता होती हे खरे. पण हिशेब लताबाईंचा बरोबर होता, कारण गाणे बिदागीच्या दिवशी संपत नाही हे त्यांनी ओळखले होते.

कायद्याला ते ओळखायला वेळ लागला. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की चित्रपटासाठी मोबदला घेऊन रचलेल्या गीतसंगीताचा पहिला मालक निर्माता. त्या निकालाला जोडलेल्या टिपणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गायकाला कायद्यात स्थान नसल्याबद्दल खंतही नोंदवली. गायक-वादकांचे हक्क १९९४ च्या दुरुस्तीने प्रथम मान्य झाले. २१ जून २०१२ रोजी अमलात आलेल्या दुरुस्तीने मग खरा पालट केला. राज्यसभेत तिची बाजू जावेद अख्तर यांनी मांडली होती. चित्रपटगृहातले प्रदर्शन सोडून अन्यत्र गाणे वापरले गेले, तर गीतकार आणि संगीतकार यांना हक्क विकत घेणाऱ्याच्या बरोबरीने रॉयल्टी मिळालीच पाहिजे, आणि हा अधिकार करारनाम्यात लिहून दिला तरी जात नाही, असे तिने ठरवले. कलावंताच्या असहायतेवर बेतलेले करारनामे निष्प्रभ करणारी अशी तरतूद आपल्या कायद्यात आहे, याचा मला अभिमान वाटतो. रेडिओवाल्यांनी ती मानायला खळखळ केली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ च्या एप्रिलमध्ये रचनाकारांची रॉयल्टी निराळी द्यावी लागेल असा निर्वाळा दिला. त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये टिप्स विरुद्ध विंक या खटल्यात, नभोवाणीसाठी असलेला वैधानिक परवाना इंटरनेटवरच्या सेवांना मिळणार नाही असेही ठरवले. म्हणजे सेवेला कंपनीच्या दारी जाऊन भाव ठरवावाच लागतो. त्या वाटाघाटीत व्हायोलिनवादकाला मात्र खुर्ची नसते.

रकान्यातली नावे

हक्क आहे म्हणून पैसे येतात, असा कोणाचा समज असेल तर त्याने एकदा गाणे चढवण्याचा फॉर्म पाहावा. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा संकेत असतो आणि रचनेला निराळा; या दोन्हींची सांगड नीट बसली तरच ऐकण्यावरून माणसापर्यंत पोहोचता येते. नव्या पेठेतल्या मुलाबरोबर मी तो फॉर्म भरताना पाहिला. गायक, संगीतकार, गीतकार, सारी नावे रोमन लिपीत. स्वतःचे आडनाव त्याने पहिल्या दोन गाण्यांना एका वर्णलेखनाने आणि तिसऱ्याला दुसऱ्याने लिहिले होते. यंत्राच्या लेखी ही दोन निराळी माणसे. एका अभंगापुढे गीतकाराचा रकाना रिकामा होता. "तुकाराम लिहू की पारंपरिक?" त्याने विचारले. तुकोबांच्या शब्दांवर आज कोणाची मालकी नाही, पण चाल त्याची आहे, आणि ती त्याच्या नावावर नोंदलेली नसेल तर तिची रॉयल्टी बेवारस ठरते.

बेवारस रकमा केवढ्या साचतात, याचे प्रमाण अमेरिकेत सापडते. तिथे २०१८ च्या कायद्याने रचनाकारांसाठी जी मध्यवर्ती वसुली संस्था निघाली, तिच्याकडे २०२१ च्या फेब्रुवारीत वीस सेवांनी मिळून मागची साचलेली ४२.४ कोटी डॉलरांची रक्कम जमा केली. गाणी वाजली होती, पैसे निघाले होते, फक्त ती कोणाची हे जुळत नव्हते. आपल्याकडे रचनाकारांच्या बाजूने हे काम १९६९ पासूनची इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, करते. २०१७ च्या नोव्हेंबरात तिची सरकारदरबारी नव्याने नोंदणी झाली. तिच्या वाटपात साधारणतः निम्मा हिस्सा हक्कमालक कंपनीला आणि उरलेल्या निम्म्यातून गीतकार व संगीतकार यांना समसमान, अशी रीत आहे. पण सभासद नसलेल्याच्या पत्त्यावर पैसे पाठवण्याची कोणतीही युक्ती कोणत्याही संस्थेजवळ नसते. चित्रपटाबाहेरच्या मराठी गाण्यांची, म्हणजे भावगीते, लोकगीते, भीमगीते आणि गावोगावच्या कॅसेट कंपन्यांनी काढलेल्या गाण्यांची स्थिती या बाबतीत विशेष अनास्थेची आहे. ज्यांनी ती लिहिली त्यांतल्या पुष्कळांनी एकरकमी पैसे घेऊन कोऱ्या कागदावर सही केली, आणि तो कागद आज कोणाच्या कपाटात आहे हे घरच्यांना माहीत नाही.

म्हणून अखेरीस वाचकांना एक विनंती आहे, आणि ती अगदी व्यवहाराची आहे. भारतात रचनाकाराच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षे त्याचा हक्क टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून साठच वर्षांनी संपतो. याचा अर्थ असा, की जुन्या तबकडीवरची कंपनीची मालकी सुटली तरी तिच्यातले शब्द आणि चाल सुटलेली नसते. गदिमा १९७७ च्या डिसेंबरात गेले, तेव्हा 'गीतरामायणा'तल्या त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ संपेपर्यंत आहे. सुधीर फडके २००२ मध्ये गेले, त्यांच्या चालींवरचा २०६२ संपेपर्यंत. एवढी मोठी नावे दप्तरात नीट असतातच. पण आपल्या घरात, आजोळी, शेजारी कोणी गाणी लिहून वा चाली लावून गेले असतील, नभोवाणीवर वा कॅसेटवर ती आली असतील, तर त्यांच्या गाण्यांची यादी करा, करारनामे शोधा आणि वारस म्हणून आयपीआरएसकडे नोंदणी करा. वारसांना सदस्य होता येते.